थ्रेड : त्र्यंबकचा फास, जलालपूरचे सोवळे आणि लक्ष्मीबाई टिळक

१८५७ म्हटले की झाशी, कानपूर, मेरठ ही नावे ओठांवर येतात. त्र्यंबकेश्वरचे नाव सहसा कोणी घेत नाही. त्या वर्षी ५ डिसेंबरच्या रात्री ब्रह्मगिरीच्या परिसरातील भिल्ल आणि ठाकूर एकत्र आले व त्यांनी त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला. पुढे डोंगर पिंजून काढताना पकडलेल्यांपैकी एकाने जबानी दिली, की या उठावामागे त्र्यंबकच्याच एका ब्राह्मणाचा सल्ला होता. धरपकड झाली, खटले चालले. या बंडापायी फासावर गेलेल्यांत वासुदेव भगवंत जोगळेकर होते.

हे जोगळेकर म्हणजे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळकांचे मातामह.

या फाशीचा आघात सर्वांत विचित्र रीतीने उमटला तो जोगळेकरांच्या जावयावर. नाशिकजवळ गोदाकाठी जलालपूर नावाचे गाव आहे. तेथील नाना गोखल्यांना या प्रकरणानंतर सोवळ्याओवळ्याचे जणू वेडच लागले. बाजारातून आलेले धान्यसुद्धा धुतल्यावाचून घरात येईना. राज्यसत्तेची दहशत माणसाच्या मनात कोणते रूप घेईल, याचा नेम नसतो. नानांच्या घरी तिने विटाळाचे रूप घेतले, आणि तिचा जाच बायकामुलांनी सोसला. याच घरात १८६८ मध्ये मनकर्णिका, म्हणजे मनू, जन्मली.

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचे लग्न झाले. वर कोकणातल्या करजगावचा नारायण वामन टिळक. कवी, वक्ता, संतापी आणि मनस्वी गृहस्थ. एका गावी, एका नोकरीत त्याचे चित्त ठरत नसे. सासरी ‘लक्ष्मी’ झालेल्या या मुलीला वाचायला शिकवले ते त्यानेच.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला आधी सांगितले नव्हते. त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आज नीट समजून घ्यावे लागते. पती जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. सौभाग्य आहे, पण संसार नाही. पदरी लहानगा दत्तू, आणि सभोवती नातेवाइकांची करडी नजर. बहीण भिकूताईच्या आधाराने लक्ष्मीबाईंनी हा काळ काढला. त्यातला बराचसा पंढरपुरात गेला. अभंगांनी आणि टाळमृदंगांनी भरलेल्या त्या गावी विरहाच्या दुःखातून त्यांच्या कवितेला वाट मिळाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

काही वर्षांनी त्या अहमदनगरास पतीकडे आल्या. धर्म मात्र बदलला नाही. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे पूर्वीसारखेच. टिळकांनीही सक्ती केली नाही. आरंभीचा अपराध त्यांच्या खाती असला, तरी हा संयमही नोंदवायला हवा. मग एका प्रवासात लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला : जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर मिळताच यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. क्रम महत्त्वाचा आहे. आधी जात गेली, मग धर्म बदलला. नानांच्या घरात वाढलेल्या मुलीच्या दृष्टीने यांतली अवघड पायरी कदाचित पहिलीच असावी.

टिळक पुढे रेव्हरंड झाले. लक्ष्मीबाईंना पाळकपद मिळाले नाही. त्या काळी मिशनच्या व्यवस्थेत ते स्त्रियांसाठी नव्हतेच. पण पाळकाच्या घराने करायची कामे त्यांच्याच पदरी आली. अनाथ पोरे घरात आली आणि घरचीच होऊन गेली. नगरच्या याच घरी धरणगावचा एक हळवा, लहरी तरुण राहिला : त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी. टिळक पती-पत्नींनी त्याला मुलासारखे जपले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली तो गेला. जेमतेम वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले.

आता थोडे संगीताविषयी. मराठी ख्रिस्ती उपासनेत पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीते रुळलेली असताना टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन यांचा आग्रह धरला. नगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. टिळकांनी तिला काव्याचे बळ दिले. ओवीत ख्रिस्तचरित्र गाण्यासाठी त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले, पण थोडेच अध्याय लिहून झाले. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. जिला अक्षरओळख नवऱ्याकडून झाली, तिने त्याचे अपुरे महाकाव्य पुरे केले! जात्यावरच्या गाण्यांत आणि पोथीच्या वाचनात कान तयार झालेल्या बाईला ओवी परकी नव्हती, हे खरे; तरीही हा पल्ला लहान नव्हे.

वैधव्यात मुंबईस मुलींच्या वसतिगृहात नोकरी, मग मुलाच्या कुटुंबाबरोबर कराची, असा प्रवास झाला. देवदत्तांना, म्हणजे त्या दत्तूलाच, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. आईने त्या लिहायला घेतल्या, आणि चरित्राचे साधन म्हणून निघालेला मजकूर मराठीतले एक थोर आत्मचरित्र होऊन बसला. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टिळकांचा राग आहे, वेंधळेपणा आहे, घरात चार पैसे नसताना पाहुणे घेऊन येण्याची सवय आहे. आणि हे सारे सांगताना बाई स्वतःलाही सोडत नाहीत. नानांचे सोवळेसुद्धा त्या हसत हसत सांगतात.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कविता ‘भरली घागर’ या नावाने संग्रहरूपात पुढे प्रसिद्ध झाल्या.