मानमोडीची साथ आणि फ्लूचे दिवस

इकडे ब्रिटनमध्ये थंडी पडली, घड्याळं एक तास मागे गेली, की आपल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "फ्लू झालाय, किती दिवस राहील? सोमवारी कामावर जाता येईल ना?" आज याच प्रश्नाचं उत्तर शोधायला आपण थोडं मागे, १९१८ सालच्या मुंबईत जाणार आहोत.

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. मुंबई बंदरात सैनिकांची ये-जा चालू होती. १० जून १९१८ रोजी गोदीत पहाऱ्यावर असलेले सात पोलीस शिपाई तापानं आजारी पडले आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. हा ताप मलेरियाचा नव्हता. पाहता पाहता तो तारखात्यात, टांकसाळीत आणि गिरण्यांमध्ये पोचला. बोटीवरच्या लोकांनी तो शहरात आणला, की शहरातून तो बोटीवर गेला, यावर साहेब लोकांचा वाद चालला होता. ताप मात्र रेल्वेच्या डब्यात बसून गावोगाव निघाला होता.

पहिली लाट तशी सौम्य होती. चार दिवस ताप, अंगदुखी, की माणूस उठून कामाला. लोकांना वाटलं, गेलं संकट. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली आणि तिनं होत्याचं नव्हतं केलं. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. आपल्याकडे या साथीला लोकांनी नाव दिलं 'मानमोडी'. आणि ती म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वर्षांच्या कमावत्या माणसांना आणि लेकुरवाळ्या बायकांना जास्त घेऊन गेली. देशभरात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ हे जनगणनेतलं असं एकमेव दशक आहे, ज्यात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

ताप सगळ्यांना सारखाच आला, पण मरण सारखं आलं नाही. मुंबईच्या त्या वेळच्या नोंदींत ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलंय, त्यांच्यात हजारी सुमारे ६२ माणसं दगावली. शहरातल्या युरोपियनांमध्ये हजारी आठच्या आसपास. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, युद्धामुळे धान्य महाग झालं होतं. मोकळ्या हवेत झोपा, गर्दी टाळा, असे सल्ले मिळत होते. पण चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा माणसं राहत असतील, तर मोकळी हवा आणायची कुठून? आणि हातावर पोट असलेल्या गिरणी कामगारानं ताप उतरेपर्यंत पडून राहायचं, तर चूल पेटणार कशी? रुग्णालयात जायलाही लोक कचरत. १८९७ च्या प्लेगात घरांत घुसून केलेली झडती लोक विसरले नव्हते.

त्या वेळी फ्लूवर औषध नव्हतं. तो विषाणूमुळे होतो हेही माहीत नव्हतं. माणसातला फ्लूचा विषाणू सापडला १९३३ साली, इथेच लंडनमध्ये. मग १९१८ साली माणसं वाचली कशानं? बऱ्याच अंशी शुश्रूषेनं. सरकारी यंत्रणा अपुरी पडली, तेव्हा ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग आणि वेगवेगळ्या समाजांच्या संस्था पुढे आल्या. त्यांचे स्वयंसेवक वस्त्यांत फिरून औषध आणि दूध पोचवत होते. घरातली सगळीच माणसं एकदम आडवी झाली, तर घोटभर पाणी देणारं कुणी असणं हाच मोठा उपचार होता.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. फ्लूचा संसर्ग झाल्यावर साधारण दोन दिवसांत लक्षणं दिसतात. ताप, थंडी आणि अंगदुखी तीन-चार दिवस जोरात असते. बहुतेकांना आठवड्याभरात बरं वाटू लागतं. खोकला आणि थकवा मात्र दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त रेंगाळतो. आपल्याकडे म्हणतातच, दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या पावलानं. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस आपण दुसऱ्याला फ्लू देऊ शकतो. लहान मुलं त्याहूनही जास्त दिवस.

१९१८ साली बहुतेक माणसं नुसत्या फ्लूनं गेली नाहीत. फ्लूनं कमजोर झालेल्या फुप्फुसांत जिवाणू शिरले आणि न्यूमोनिया झाला. म्हणून आजही सगळ्यात महत्त्वाची खूण ही: बरं वाटू लागलं आणि मग पुन्हा ताप चढला, तर थांबू नका. धाप लागणं, मुलानं पाणी न पिणं किंवा बराच वेळ लघवी न होणं, यांतलं काही दिसलं तर लगेच १११ ला फोन करा. श्वास घेणंच कठीण झालं, छातीत अचानक दुखू लागलं किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर थेट ९९९. वयस्कर, गरोदर, दमा किंवा मधुमेह असलेल्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलावं, कारण फ्लूविरोधी गोळ्या पहिल्या ४८ तासांत घेतल्या तर जास्त उपयोगी पडतात. अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालत नाही. भारतातून आणलेली पट्टी उघडू नका. सोळा वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

बाकी उपाय आजीचेच. विश्रांती, भरपूर पाणी, भाताची पेज, मऊ भात-तूप-मेतकूट. औषध न घेता ताप पूर्ण दिवसभर आला नाही, मगच कामाचा विचार करा, आणि कामाचा वेगही हळूहळू वाढवा. दरवर्षीची लस चुकवू नका.

आणि एक गोष्ट. परदेशात आजारी पडलं की सगळ्यात जास्त उणीव भासते ती पेज करून देणाऱ्या माणसाची. तुमच्या रस्त्यावर कुणी एकटा विद्यार्थी, कुणी तान्ह्या बाळाची आई तापानं पडली असेल, तर डबा दाराशी ठेवा आणि रोज एक फोन करा. शंभर वर्षांपूर्वी चाळीत दूध पोचवणाऱ्यांनी हेच केलं होतं. या रविवारी घरी फोन लावाल तेव्हा आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या आईवडिलांकडून त्यांनी 'मानमोडी' हा शब्द ऐकला होता का. ऐकला असेल तर ती गोष्ट लिहून ठेवा.