शून्य, सिफर आणि पाटणची शाळा

वाचकहो, मराठी शाळेच्या पाटीवर शून्य वाटोळे असते, तर उर्दू शाळेच्या पाटीवर सिफर म्हणजे नुसता ठिपका. वस्तुतः दोन्ही एकच आहेत. त्यांचा प्रवास ठाऊक नसल्याने आपण त्यांना परकी समजतो.

इ. स. 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याला संख्या मानून त्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहिले. सुमारे दोनशे वर्षांनी बगदादच्या अल्-ख्वारिज्मीने हिंदी अंकांच्या हिशेबावर अरबी ग्रंथ रचला. शून्य म्हणजे रिकामे; अरबीत त्याच अर्थाचा शब्द 'सिफ्र'. उत्तर आफ्रिकेत हे अंक शिकलेल्या फिबोनाचीने 1202 साली आपल्या ग्रंथातून ते युरोपला समजावून दिले आणि पुढे 'सिफ्र'चाच 'झीरो' झाला.

शून्याने भागले तर? शून्य भागिले शून्य बरोबर शून्य, असे ब्रह्मगुप्ताने म्हटले. तेथे तो चुकला. भास्कराचार्यांनी (जन्म 1114) अशा राशीला 'खहर' म्हटले व ती अनंत मानली. आजचे गणित हा भागाकारच नाकारते. सहाला दोनाने भागून तीन येतात, कारण तीन दुणे सहा. पण शून्याने कशालाही गुणा, सहा येणार नाहीत.

पदार्थविज्ञानातही शून्य म्हणजे 'काही नाही' असे समजू नये. 0 अंश सेल्सिअस हा बर्फ वितळण्याचा बिंदू आहे, उष्णतेचा अभाव नव्हे. निरपेक्ष शून्य उणे 273.15 अंशांवर आहे. तेथेही कणांचे स्पंदन पुरते थांबत नाही.

भास्कराचार्यांची 'लीलावती' 1587 मध्ये अकबराच्या आज्ञेने फैजीने फारसीत आणली. त्यांच्या 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात अताउल्लाह रशीदीने केले. बीबी का मकबऱ्याचा वास्तुकार तो हाच. विद्या कोणाची, हा प्रश्न या मंडळींना पडला नाही.

अकोल्याहून मुंबईकडे जाताना चाळीसगाव लागते. तेथून जवळच्या पाटण गावी 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला, त्याच्या दानाची ही नोंद. शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा हिस्सा त्या मठाला दिला होता. म्हणजे बाजारहाट करणाऱ्या साध्या माणसांच्या पैशावर गणिताची शाळा चालली!

पालकहो, आपल्या संस्था तरी याहून वेगळ्या कशावर उभ्या आहेत? मुलाला गणितात सिफर मिळाले, की "हे आपल्या कामाचे नाही" म्हणून त्याला गॅरेजवर आणि मुलीला घरी बसवू नका. प्रत्यक्ष ब्रह्मगुप्त जेथे चुकला, तेथे आपले लेकरू अडखळले तर नवल काय? ती चूक सुधारण्यास पुढच्या पिढ्यांना शतके लागली. आपल्या लेकराला निदान आणखी एक वर्ष द्या.