हजार यार्डांचा नेम आणि अंबरनाथची पितळी वाटी

मी बोलतोय अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगरातून. मागे घरघर ऐकू येत असेल तर ती एमआयडीसीतल्या कुठल्यातरी शेडची आहे. एरवी मी रेकॉर्डिंगसाठी रात्री अकराची वाट बघतो. आज म्हटलं, चालू दे. विषयच असा आहे की मागे मशीन चाललेलं बरं.

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. कोल्हापूरच्या राधानगरी भागातला पोरगा, त्या वेळी आपल्याच मध्य रेल्वेत टीसी होता. तेव्हापासून एक प्रश्न मला सारखा येतोय, "दादा, रायफल भारी असली की नेम भारी लागतो ना?" हो आणि नाही. रायफल लागतेच. पण लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा इतिहास वाचत गेलो तर लोकांची झोप रायफलपेक्षा काडतुसानं जास्त उडवलेली दिसते. आणि त्या काडतुसाचा एक धागा आपल्या अंबरनाथपर्यंत येतो.

माझे मामा इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. पन्नासच्या दशकात उभी राहिलेली ही फॅक्टरी. इतर बऱ्याच गोष्टींबरोबर तिथं पितळी वाट्या बनतात. त्यांना 'कप' म्हणतात, पण मामा कायम वाटीच म्हणायचे. लहानपणी मी विचारायचो, "मामा, तुम्ही बंदुका बनवता?" ते जेवता जेवता आमटीची वाटी उचलून दाखवायचे, "ही बनवतो. पण अंगठ्याएवढी." माझा पार विरस व्हायचा. माणूस आयुष्यभर वाट्या बनवतो? कॉलेजात असताना मी हे त्यांच्या तोंडावर बोललो होतो, अगदी हसत हसत. ते काही बोलले नाहीत.

वाटीचं पुढं काय होतं ते सांगतो. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त असं पितळ. त्याच्या पट्टीतून चकती कापायची, दाबून वाटी करायची. मग ती वाटी साच्यातून ओढत ओढत लांब करायची. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं, म्हणून मधे मधे भट्टीत तापवून नरम करायचं. पुण्याच्या तांबट आळीत घागर ठोकताना करतात तेच. शेवटी बूड सपाट, तोंड अरुंद, आणि झाली पुंगळी. पोलीस पंचनाम्याच्या बातम्यांत 'रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असतं ना, ती. तिच्या बुडात टोपी, पोटात दारू, तोंडात गोळी, की काडतूस तयार. आपल्याकडे छोट्या शस्त्रांची काडतुसं बनवणारे मोठे सरकारी कारखाने म्हणजे खडकी, जो १८६९ पासून आहे, आणि भुसावळजवळचं वरणगाव.

आता अंतराचा अंदाज घेऊ. लांब पल्ल्याच्या स्पर्धेचं जुनं अंतर हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. बारा डब्यांच्या साडेतीन लोकल एकामागे एक उभ्या करा. पहिलीच्या मोटरमनच्या जागेवरून शेवटच्या टोकाला चार फुटांच्या आसपासचा काळा गोल. गोळी नळीतून सेकंदाला साधारण ९०० मीटरनं निघते, दीडेक सेकंद हवेत असते, आणि तेवढ्यात तीन मजली बिल्डिंगच्या उंचीइतकी खाली येते. खाली येण्याचं काही नाही, ते हिशोबात धरता येतं. पण दोन काडतुसांच्या वेगात फक्त एक टक्क्याचा फरक पडला तरी तिकडे गोळी वीतभर वर नाहीतर खाली लागते. तुमचा श्वास, बोट, डोळा सगळं बरोबर असलं तरी. म्हणजे नेम चुकला की नाही हे तुम्ही ट्रिगर ओढायच्या आधीच, पुंगळी भरताना, अर्धं ठरलेलं असतं.

हे लोकांना कळायला वेळ लागला. २६ सप्टेंबर १८७४ ला न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला एक सामना झाला, आयर्लंड विरुद्ध अमेरिका. अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश मंडळी आदल्या वर्षी इंग्लंडात एल्चो शील्ड जिंकून रुबाबात आलेली. त्यांच्या रायफली तोंडाकडून ठासायच्या, अमेरिकनांच्या मागून काडतूस घालायच्या. सगळ्यांना वाटलं आयरिश जिंकणार. शेवटची गोळी राहिली तेव्हा आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०. कर्नल बोडाइन नावाचा नेमबाज उरला होता, आणि त्याच्या हाताला नुकतीच फुटलेल्या बाटलीची काच लागलेली. हाताला रुमाल बांधून झोपला, गोळी झाडली, मधोमध. चार गुण, ९३४. गंमत म्हणजे एका आयरिश नेमबाजानं त्याच दिवशी अगदी मध्यभागी गोळी मारली होती, पण शेजारच्या लक्ष्यावर. शून्य गुण. सामना तीन गुणांनी गेला.

क्रीडमूरनंतर धातूच्या काडतुसाबद्दल वाद फारसा उरला नाही. पण घरी बसून काडतूस पुन्हा भरायची सवय अमेरिकेतच का रुजली? याचं एक कारण अगदी बारीक आहे. १८६६ च्या सुमाराला टोपीच्या दोन पद्धती निघाल्या. एक बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची, एक बर्डन या अमेरिकनाची. बॉक्सरच्या पुंगळीला बुडात मधोमध एकच भोक, त्यामुळे जुनी टोपी सळईनं ढकलून सहज निघते. बर्डनच्याला बाजूला दोन बारीक भोकं, ती टोपी काढणं म्हणजे डोकेदुखी. आणि झालं उलटंच. अमेरिकेनं इंग्रजाची पद्धत उचलली, युरोपानं बरीचशी अमेरिकनाची. ज्या देशात टोपी सहज निघते, तिथला शेतकरीसुद्धा रात्री टेबलावर बसून रिकाम्या पुंगळ्या भरायला लागला.

मग आले वेडे लोक. मॅसॅच्युसेट्समधला फ्रँकलिन मान हा पेशानं डॉक्टर. गोळी जिथं जायला हवी तिथं का जात नाही, या एका प्रश्नापायी त्यानं काही दशकं घालवली. माणसाच्या हाताचा दोषच नको म्हणून त्यानं काँक्रीटचा भक्कम चौथरा बांधला आणि त्याच्यावर नळी पक्की बसवून गोळ्या झाडल्या. १९०९ मध्ये त्यानं पुस्तक काढलं. त्याला सापडलेल्या गोष्टींपैकी एक मला फार आवडते. गोळीच्या टोकाला थोडी इजा झाली तर फार बिघडत नाही, पण बूड वाकडं असेल तर नेम गेला. आपण सगळे टोकाकडे बघत बसतो.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि ही पावसाची आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावायच्या, दारूगोळा घोड्यांच्या पागेत ठेवून द्यायचे. पाऊस संपल्यावर पेट्या उघडाव्यात तर पितळी पुंगळ्यांना चिरा. तेही गोळीला आवळलेल्या मानेपाशीच जास्त. याला नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. बरीच वर्षं कारण कळेना. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा केला. घोड्याच्या मुतातून अमोनिया येतो, तो तांब्याला खातो. पण नुसत्या अमोनियानं चिरा पडत नाहीत. पितळ थंडच ओढून ताणलेलं असेल तर तो ताण आत दबून राहतो, आणि अमोनिया तिथंच शिरतो. उपाय काय? शेवटी मान हलकी तापवून ताण सोडवायचा. अंबरनाथच्या जुलैत घरातलं तांब्याचं भांडंसुद्धा हिरवं पडतं, त्यामुळे ही गोष्ट मला परकी वाटत नाही.

आणि हे तापवणंच आज हौशी नेमबाजाच्या टेबलावर येऊन बसलंय. हँडलोडिंग करणारा माणूस एकच पुंगळी पुन:पुन्हा वापरतो. दरवेळी ती फुगते, पुन्हा दाबून मापात आणली जाते, मान कडक होते. एक मान गोळीला घट्ट धरते, दुसरी सैल, की वेग बदलला. म्हणून तो प्रत्येक मान ज्योतीवर काही सेकंद फिरवतो. त्याच्या आधी पुंगळ्या वजन करून वेगळ्या काढतो, कारण पितळ जाड असेल तर आत जागा कमी, जागा कमी तर दाब जास्त. तोंडं एका लांबीला कापतो. दारू इतकी बारीक तोलतो की आपल्या सोनाराच्या गुंजेचा अठरावा-विसावा भाग इकडचा तिकडे होऊ नये. मग रायफल घेऊन रेंजवर, वेगमापक लावून, थोडा थोडा बार बदलत गोळ्या कुठे लागतात ते बघतो. नळी प्रत्येक बाराला शिट्टीसारखी थरथरते, त्यामुळे एखाद्या मापाला बार किंचित कमीजास्त झाला तरी गोळ्या एकाच उंचीवर लागतात. ते माप त्याला हवं असतं.

इथं माझं एक मत. या छंदात स्वतःला फसवणं फार सोपं आहे. तीन गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या की माणूस फोटो काढतो आणि म्हणतो, सापडलं! तीन चेंडू बघून बॅट्समनची सरासरी ठरवण्यासारखं आहे हे. जे खरंच पुढे गेले ते वीस-तीस गोळ्यांचा कंटाळवाणा हिशोब ठेवणारे. या सगळ्या वेडाचं टोक म्हणजे 'एफ-क्लास'. फार्क्वारसन या कॅनेडियन नेमबाजानं गेल्या शतकाच्या अखेरीला तो सुरू केला, वय झालेल्यांना दुर्बीण आणि टेकू घेऊन खेळता यावं म्हणून. म्हाताऱ्यांची सोय म्हणून निघालेला प्रकार आज इतका कडक झालाय की अमेरिकी नियमांत हजार यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ दहाच इंचांचं असतं.

या सगळ्याला एक दुसरी बाजूही आहे, आणि तिच्यावर चक्क आपल्या कोल्हापूरचं नाव आहे. इंग्लंडात बिस्लीला दर जुलैत 'कोलापूर' नावाची सांघिक स्पर्धा होते. स्पेलिंग जुनं, गाव आपलंच. कोल्हापूरच्या महाराजांच्या नावाचा हा चषक १८७१ पासून आहे, तेव्हा स्पर्धा विम्बल्डनला व्हायच्या. आठ जणांचे संघ, अंतरं ३००, ५०० आणि ६०० यार्ड. राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परत येताना फ्लॉरेन्सला ३० नोव्हेंबरला वारले, वय अवघं वीस. तिथं आर्नो नदीकाठी त्यांची छत्री आजही आहे. इटलीला जाणारे आपले लोक तिथं फोटो काढतात, पण चषकाचं फारसं कुणाला माहीत नाही.

बिस्लीच्या परंपरेत एक तत्त्व होतं. काडतुसं आयोजक देणार, सगळ्यांना एकाच कारखान्याची. घरून भरून आणायची नाहीत. कारण सरळ आहे. ज्याच्याकडे पैसा आणि वेळ त्याची काडतुसं चांगली, मग स्पर्धा नेमाची की टेबलाची? हँडलोडिंगवाले म्हणतात, काडतूस भरणं हाही नेमाचाच भाग. मला दोन्ही पटतं. पण पहिल्या पद्धतीत एक गोष्ट विसरली जाते. सगळ्यांना सारखी काडतुसं द्यायची तर आधी कुणीतरी ती सारखी बनवायला लागतात. लाखोंनी.

आता तुम्ही विचाराल, दादा, घरी करता येईल का? नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि शिक्षा साधी नाही. व्हिडिओ बघा, प्रयोग करू नका.

आणि स्वप्नीलच्या खेळात तर हँडलोडिंगचा प्रश्नच येत नाही. पॉइंट टू टू च्या काडतुसाला वेगळी टोपीच नसते. मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, कड चेपली की पुंगळी वाया. मग तिथं नेमबाज काय करतात? भरता येत नाही तर निवडतात. एकाच मशीनवर एका खेपेत निघालेल्या काडतुसांना एक लॉट नंबर असतो. नेमबाज आपली रायफल घेऊन कंपनीच्या चाचणी केंद्रावर जातात, बर्मिंगहॅमला एलीकडे नाहीतर जर्मनीत शोनेबेकला लापुआकडे, आणि एकामागून एक लॉट झाडून बघतात. आपल्या नळीला जो लॉट मानवतो तो पेट्यांनी विकत घेतात. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. शर्टाच्या बटणाएवढं.

हे सगळं वाचून झाल्यावर मागच्या महिन्यात मी मामांकडे गेलो. ते आता रिटायर आहेत, ऐकायला कमी येतं. मी त्यांना मोठ्यानं सांगितलं की परदेशात लोक शंभर पुंगळ्या विकत घेतात, एकेक तोलतात, आणि वजनात न बसणाऱ्या बाजूला काढतात. रात्र रात्र बसतात. मामांनी विचारलं, "आणि भिंतीची जाडी? एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असते ती?" मी म्हटलं, हो, त्याचंही वेगळं मोजायचं यंत्र असतं त्यांच्याकडे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ती वाटीतच ठरते. वाटी एका अंगाला जाड निघाली की पुढं कितीही ओढा, जाडच राहते. नंतर नाही सुधारत."

मी कॉलेजातलं ते बोलणं काढलं नाही. त्यांनीही नाही. मामी चहा घेऊन आली तेव्हा ते तिला सांगत होते, "अगं, अमेरिकेत पगार न घेता इन्स्पेक्शन करतात म्हणे."