वकिलांना जाहिरात का करता येत नाही?

काळा कोट, गळ्याशी पांढरे बँड आणि खाली फोन नंबर, अशा थाटातले वकिलांचे रील्स तुम्ही पाहिले असतील. पण भारतात वकिलांना स्वतःची जाहिरात करण्यास मनाई आहे.

नियम काय आहे?
बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला थेट किंवा आडून जाहिरात करता येत नाही. दलालांमार्फत कामे मिळवणे, आपण चालवत असलेल्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रात फोटो छापून आणणे, हेही चालत नाही. ऑफिसची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. तिच्यावर 'माजी न्यायाधीश' किंवा अमुक कामातले तज्ज्ञ असे लिहिता येत नाही. बँड आणि गाऊनही कोर्टाबाहेर, ठरावीक समारंभ वगळता, घालायचे नसतात.

वेबसाइट चालते का?
२००८ पासून चालते. मात्र नाव, पत्ता, सनद, शिक्षण, कामाचे क्षेत्र अशी मोजकीच माहिती देता येते.

बंदी कशासाठी?
वकिली हा धंदा नसून सेवा आहे, ही त्यामागची भूमिका. अडचणीतला माणूस बढाईला लवकर भुलतो. अमेरिकेत मात्र सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये जाहिरातीची वाट मोकळी केली. लोकांना फीची माहिती मिळायला हवी, हा त्यातला एक मुद्दा होता. भारतात ही माहिती आजही बहुतेकदा ओळखीतूनच मिळते.

अशिलाने काय पाहावे?
फॉलोअर्स नव्हे, सनद. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते. अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ नुसार ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द होऊ शकते.