अर्धवट शिकलेल्या इंग्रजीचे मोल

इंग्रजी शिकावी की न शिकावी, यावर आपल्याकडे गेली दीडशे वर्षे वाद चालला आहे. ती कोणत्या इयत्तेपासून शिकवावी, यावरही तितकाच कडाक्याचा वाद झाला. आणि २००० साली महाराष्ट्राने ती पहिलीपासून सुरू केली. परंतु कोणत्या पायरीवर नेमके काय शिकवावे, हा प्रश्न मास्तरांचा आहे असे समजून आपण तो बाजूला ठेवला. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. त्याला एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच उपखंडात, ढाक्याला घडले आहे.

प्रथम इंग्लंडकडे पाहू. १९१३ साली केंब्रिज विद्यापीठाने परकीयांसाठी इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा काढली. भाषांतर, व्याकरण, निबंध, वाङ्मय, उच्चारशास्त्र, शिवाय तोंडी परीक्षा, अशी ती सुमारे बारा तासांची होती. पहिल्या वर्षी तिला तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. यात हसण्यासारखे काही नाही. त्या काळची समजूतच अशी होती की, इंग्रजी येणे म्हणजे शिखरावर पोहोचणे. शिखराखाली विसाव्याचे टप्पे असतात आणि पुष्कळांचा प्रवास तेथेच संपतो, याचा विचार झालेला नव्हता. त्याच विद्यापीठाची खालच्या पायरीची परीक्षा निघाली ती १९३९ साली, म्हणजे सव्वीस वर्षांनी.

हा विचार ज्याने प्रथम नेटाने मांडला, तो मायकेल वेस्ट हा हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यातील अधिकारी होता. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करीत असताना त्याला एक साधी गोष्ट दिसली. इंग्रजीचा अभ्यासक्रम आखला जाई तो विश्वविद्यालयापर्यंत जाणाऱ्या मुलासाठी. आणि वर्गातील बहुसंख्य मुले तर दोन-चार वर्षांतच शाळा सोडून जात. कोणाला शेती पाहावी लागे, कोणाला दुकान, कोणाजवळ फी नसे. या मुलांनी इंग्रजीवर घालवलेल्या वर्षांचे पुढे काय झाले? १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वेस्टने यासाठी विमाव्यवहारातील एक शब्द उसना घेतला : ‘सरेंडर व्हॅल्यू’. विमा मुदतीपूर्वी सोडला तरी विमेदाराच्या पदरात काही रक्कम पडते. तसेच अभ्यास मध्येच सोडणाऱ्याच्या पदरातही काही पडले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. जुन्या अभ्यासक्रमात ते जवळजवळ शून्य होते. थोडे व्याकरण, थोडे स्पेलिंग, पाठ केलेले चार धडे. पण एखादे सोपे पुस्तक स्वतः वाचता येईल इतकेही नाही.

मग त्याने क्रमिक पुस्तके तपासली. तेथे त्याला दोन दोष आढळले. एक, साध्या शब्दाने काम भागत असता पुस्तकी व जुनाट शब्द घातलेले. आणि दुसरा, एकेका पानावर नव्या शब्दांची इतकी गर्दी की, पहिला शब्द मुरण्यापूर्वीच पाचवा पुढे उभा राही. वेस्टने आपल्या वाचनमालेत नेहमीचे शब्द आधी घेतले, नवे शब्द अंतराने पेरले आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटेल अशी योजना केली. पुढे १९३५ साली त्याने असा कोश काढला की, त्यातील सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितलेले होते. कोश उघडण्यासाठी दुसरा कोश लागू नये, हा त्यातील हेतू.

त्याच सुमारास हॅरल्ड पामर हा टोकियोत जपानी शिक्षणखात्याचा सल्लागार होता. तो १९२२ साली तेथे गेला. त्याचा आग्रह उलट होता : आधी कान, मग जीभ आणि नंतर डोळा. इंग्लंडात सी. के. ऑग्डेनने १९३० साली ८५० शब्दांची ‘बेसिक’ इंग्रजी पुढे मांडली. तीत क्रियापदे फक्त अठरा. हिशेब मोठा आकर्षक होता, पण त्यात एक खोच होती. क्रियापदे कमी केली की ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’ यांना शब्दयोगी शेपट्या लावून शेकडो अर्थ काढावे लागतात; आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, हे आपल्या मुलाला एखाद्या लांबलचक शब्दापेक्षाही अवघड जाते. छोटा शब्द सोपाच असतो असे नाही.

१९३४ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या परिषदेत वेस्ट व पामर एकत्र बसले. त्या कामातून अखेर १९५३ साली वेस्टने सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. प्रत्येक शब्दाचा कोणता अर्थ किती वेळा येतो, हेही तीत दिले होते. साधारण इंग्रजी मजकुरातील सुमारे ८० टक्के शब्द एवढ्यातच येतात. पहिल्या दोन हजारांवर घालवलेले श्रम इतके फळतात. पुढच्या प्रत्येक हजाराचे फळ मात्र कमी कमी होत जाते.

यानंतर मोजण्याचे माप बदलले. किती शब्द येतात, याऐवजी काय करता येते, असे विचारू लागले. युरोपच्या कौन्सिलने १९७५ साली ‘उंबरठ्याची पातळी’ आखली आणि २००१ साली सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली. पहिल्या पायरीवर स्वतःची ओळख सांगणे व समोरचा सावकाश बोलल्यास साधे प्रश्नोत्तर करणे. दुसरीवर घर, खरेदी, रोजचे व्यवहार. तिसरीवर प्रवासातील अडचण निभावणे, अनुभव सांगणे व मताला कारण देणे. चौथीवर सहज संभाषण व वादविषयाची बाजू मांडणे. पाचवीवर लांब व गहन मजकूर समजणे. आणि सहावीवर जवळजवळ सर्व वाचलेले-ऐकलेले समजून त्याचा सारांश सांगणे. येथे प्रत्येक पायरी स्वतःपुरती पुरी आहे. ढाक्यातील तो विचारच येथे दुसऱ्या वेषात आला, असे आम्हांस वाटते.

वेस्टचे सगळेच आज लागू पडेल असे नाही. बंगाली मुलाला इंग्रजी वाचता आली की पुरे, बोलण्याची फारशी गरज नाही, असे तो मानी. आज दहावीनंतर दुकानात, रुग्णालयात वा हॉटेलात कामाला लागणाऱ्या मुलीला ऐकणे-बोलणेही हवे. उत्तर बदलले, प्रश्न बदललेला नाही. पहिलीपासून इंग्रजी सुरू केल्याने वर्षे वाढली. पण वर्षे वाढली म्हणजे मोल वाढले असे होत नाही. इंग्रजीचे कोणतेही पाठ्यपुस्तक हाती आले की, पालकांनी व शिक्षकांनी एवढेच विचारावे : हे मूल या वर्षाअखेर शाळा सोडून गेले, तर याच्याजवळ काय उरेल? ज्या पुस्तकाला याचे उत्तर देता येत नाही, ते पुढे जाणाऱ्या थोड्यांसाठी मागे राहणाऱ्या पुष्कळांची वर्षे खर्ची घालीत आहे, असे खुशाल समजावे.