‘नाइस’ मुळात कोणासाठी होता?

‘नाइस’ या इंग्रजी विशेषणावर भाषाशुद्धीवाल्यांचा राग फार जुना आहे. हवा नाइस, जेवण नाइस, माणूसही नाइस; अशाने शब्द गुळगुळीत होतो आणि ‘सूक्ष्म, काटेकोर’ हा त्याचा अस्सल अर्थ मरतो, असे ते म्हणतात. जेन ऑस्टेनच्या मृत्यूनंतर १८१७च्या डिसेंबरात निघालेल्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत हेन्री टिल्नीची हीच तक्रार आहे. नायिका कॅथरीन एका पुस्तकाला नाइस म्हणते. तो तिला चिडवत सांगतो की हा शब्द मुळात नीटनेटकेपणा, औचित्य आणि नाजूक अभिरुची यांसाठी होता. पण हे ‘मुळात’ नेमके कुठवर मागे न्यायचे? लॅटिनमधला ‘नेस्कियस’ म्हणजे अजाण. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला ‘मूर्ख’ हा अर्थ घेऊन, आणि चौदाव्या शतकातला चॉसर तो तसाच वापरतो. पुढे त्याला छचोर, नखरेल, चोखंदळ अशा छटा चिकटत गेल्या आणि काटेकोरपणा त्यांच्या मागून आला. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात काटेकोरपणा पहिला, आणि ‘छान’ हा अर्थ नाहीच. म्हणजे टिल्नी ज्याला मूळ मालक समजतो, तोही मधेच घुसलेला भाडेकरू.

यावर कोणी म्हणेल, व्युत्पत्ती राहू द्या, शब्द पुचाट झाला हे तर खरे? खरे आहे. पुस्तकाच्या परीक्षणात ‘नाइस’ लिहिणाऱ्याने काहीच सांगितलेले नसते. पण या नुकसानीचे खापर कोणावर फुटले तेही पाहावे. फाउलरने १९२६च्या आपल्या इंग्रजी शब्दवापराच्या प्रसिद्ध कोशात ते बायकांच्या माथी मारले, आणि टिल्नीचा धडाही एका तरुण मुलीलाच आहे. ऑस्टेन मात्र त्याला सोडत नाही. त्याची बहीण एलिनॉर तोच शब्द जुन्या अर्थाने त्याच्यावर उलटवते. आणि लेखिकेच्या स्वतःच्या पत्रांत ‘छान’ या अर्थाचा नाइस बिनदिक्कत येतो. शिवाय जुना अर्थ मेलेला नाहीच. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे बारीक भेद, हे कायदेपंडिताला सांगावे लागत नाही. ‘नाइस मेस’मधला उपरोधही कोणाला समजावावा लागत नाही. सोबतचे नाम अर्थ ठरवते. अडचण येते ती ‘नाइस जजमेंट’सारख्या ठिकाणी, जिथे निकाल सूक्ष्म आहे की नुसता मनासारखा, हे नामावरून कळत नाही. तिथे लिहिणाऱ्याने दुसरे विशेषण शोधावे.