प्लगवरचा आकडा उलटला, त्याची गोष्ट

वाईकडं आल्या-हळदीच्या सरीत आता पॉवर वीडर फिरतो, बांधावर ग्रास कटर. दोन्ही पेट्रोलवर, म्हणजे प्लग आला. मशीन मिसिंग करायला लागलं की "मोठा नंबर म्हणजे थंड प्लग" या जुन्या हिशोबानं आपण दुकानात जातो. तो हिशोब आला कुठून?

खरं तर आपला हात डिझेलवर बसलेला. 1910 ला किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथं लोखंडी नांगर झाले. 1930 च्या दशकात साताऱ्यात कूपरांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं बनू लागली. 1946 ला पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आली. विहिरीवरच्या या इंजिनांना प्लगच नाही. दाबानं तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. त्यामुळं बिघाड झाला की आपण नोझल बघायचो.

प्लगची माहिती आली मोटरसायकलवाल्या मिस्त्रींकडून. 1902 मध्ये जर्मनीत बॉशच्या होनोल्डनं मॅग्नेटो आणि प्लगची जोडी बसवली. 1951 ला मायको सुरू झाली, तिचे प्लग गावोगाव पोचले. त्यांवर 175, 225 असे आकडे असत. मोठा आकडा म्हणजे थंड, उष्णता लवकर सोडणारा प्लग. पुढं बॉशनं एकअंकी नंबर आणले आणि दिशा उलटली: आता 7 पेक्षा 5 थंड. एनजीकेचं मात्र 6 पेक्षा 7 थंड. म्हणजे दोन कंपन्यांचा 7 एक नव्हे!

चूक महागात पडते. जास्त गरम प्लगनं पिस्टन जळू शकतो; जास्त थंड प्लगवर काजळी धरते, मशीन परत मिसिंग करतं.

म्हणून आधी प्लग काढून तोंड बघा. तांबूस-तपकिरी असेल तर प्लग बरोबर आहे. कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर आणि चोक बघा. तेलकट ओला असेल तर टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जास्त पडतंय, फोर-स्ट्रोकमध्ये रिंग बघा. पांढरा, फोड आलेला असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा प्लग गरम जातीचा आहे. नवा प्लगही दोन दिवसांत काळा पडला, तर दोष प्लगचा नाही.

बदलताना पूर्ण नंबर जुळवा. बीपीआर6ईएस मधला 6 उष्णतेचा, ई म्हणजे 19 मिलिमीटर आटे. लांब आट्यांचा प्लग आखूड भोकात बसवला तर पिस्टनला लागू शकतो.

मशीनच्या पुस्तकातला नंबर आजच टाकीवर रंगानं लिहून ठेवा. ऐन भांगलणीत शोधत बसायला नको.